गच्चीवालीच्या टेबलापाशी

आमच्या नगरपालिकेत पाणी दिवसाआड येतं, इंटरनेट लहर लागली तर येतं, पण मत्सराचा पुरवठा अखंड असतो. कुणाला नवी खुर्ची मिळाली, कुणाचा पंखा आवाज न करता फिरतो, कुणाची रजा एका सहीत मंजूर झाली, सगळ्याची नोंद सगळ्यांच्या पोटात होते. मी जन्म-मृत्यूच्या टेबलावर बसते. लोक माझ्याकडे आनंदाने तरी येतात नाहीतर रडत तरी, त्यामुळे माझा हेवा कुणी करत नाही आणि मला इतरांचा तमाशा निवांत बघता येतो. पण भाऊजींसारखा जळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जळायचे तेही मनापासून, हातचं काही राखून नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचा नवरा. नकाशा विभागात मोजणीदार. ते नोकरीला लागले तेव्हा जमीन मोजायला लोखंडी साखळी होती. पुढे साखळी गेली, फीत आली, पण कार्यालयात त्यांचं नाव साखळीभाऊच राहिलं. त्यांना ते आवडायचं. सरळ रेषा, सरळ भांग, सरळ बोलणं. कुणी "साधारण वीस फूट" म्हटलं की ते चष्म्यावरून असे बघायचे की समोरच्याला आपण शिवी दिली की काय असं वाटावं. "साधारण म्हणजे किती?" हा त्यांचा तोंडपाठ प्रश्न. आमच्या ताईने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "साधारण सातपर्यंत या" म्हटलं होतं, त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.

त्यांची खोली माझ्या टेबलाच्या मागेच, मधे फक्त एक प्लायवुडचा पडदा. उतरता लांब टेबल, खालून ट्यूबलाइट लावलेली काच, कोपऱ्यात पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळून ठेवलेले नकाशे. भिंतीवर अख्ख्या शहराचा एक मोठा नकाशा, त्यांनी स्वतः पेनाने काढलेला, गल्ल्यांची नावं इतकी सुबक की छापल्यासारखी. कुणाची भिंत, कुणाचं कुंपण, पाण्याची वाहिनी कुठून जाते, गटार कुठे वळतं, असं काहीही अडलं की माणसं भाऊजींच्या टेबलाशी उभी राहायची. बाकावर जागा नसायची. भाऊजी वैतागल्यासारखं करायचे, "माझ्या डोक्यावर बसा आता," म्हणायचे, आणि ज्या दिवशी कुणी आलं नाही त्या दिवशी त्यांचं डोकं दुखायचं.

मग ती आली.

मुलगी म्हणावी अशा वयाची, कंत्राटावर नेमलेली. उपग्रहाने वरून काढलेले शहराचे फोटो संगणकावर घ्यायचे, त्यावर एकेक घर, एकेक रस्ता, एकेक खांब आखायचा, आणि प्रत्येकावर बोट ठेवलं की त्याची सगळी माहिती पुढे यावी असं करायचं, हे तिचं काम. तिला भाऊजींच्याच खोलीतला मोठ्या खिडकीजवळचा अर्धा भाग दिला. दोन पडदे असलेला संगणक आला. संगणक तापू नये म्हणून एसी आला. मधे काचेची भिंत आली, म्हणजे गारवा तिच्याकडे आणि एसीची घरघर भाऊजींकडे. वर त्या एसीचं पाणी ठिबकायचं तेही बरोबर भाऊजींच्या खिडकीवर.

"मी इतकी वर्षं घाम गाळतोय तर टेबलफॅन मागितला तेव्हा म्हणाले तरतूद नाही," भाऊजी मला पडद्यावरून म्हणाले. "यंत्राला घाम येतो म्हणे."

"भाऊजी, तुम्हीही तापलात की एसी मिळेल," मी म्हटलं.

त्यांना विनोद कळला नाही. त्यांनी तिचं नाव ठेवलं, गच्चीवाली. "हिला शहराच्या नुसत्या गच्च्या दिसतात. दारं दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत. वरून बघून संसार होतो का?"

पण कार्यालयाचा संसार वरूनच होऊ लागला. तिने जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून कुठे नवी छपरं उगवलीत ते काढलं, आणि घरपट्टी विभागवाले तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. तलाव कडेने कसा बुजत आलाय ते तिने रंगात दाखवलं. भाऊजी उसळून मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, तलावाचं मी केव्हापासून सांगतोय!" साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सांगितलं असेल हो. दाखवलं नव्हतंत."

त्या दिवशी भाऊजींचा असा तिळपापड झाला की त्यांनी डबाही उघडला नाही. मग पाणीवाले तिच्याकडे गेले, दिवाबत्तीवाले गेले. भाऊजींच्या टेबलासमोरचा बाक उचलून नेऊन तिच्या काचेसमोर ठेवला, कारण तिथे लोकांना उभं राहावं लागत होतं. बाक नेताना शिपायाने भाऊजींना विचारलंसुद्धा नाही. बाकाच्या पायांचे चार पांढरट ठसे फरशीवर राहिले. भाऊजी येता-जाता त्या ठशांना वळसा घालून जायचे.

मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं. भाऊजींनी तिचा द्वेष तरी धडपणे केला असता. ती त्यांना काका म्हणायची. अडलं की उठून यायची. "काका, ही गल्ली फोटोत झाडाखाली गेलीय, पुढे बंद होते की वळते?" भाऊजी सांगायचे, पण असं सांगायचे की जणू दात उपटून देतायत. आणि ती गेली की मला म्हणायचे, "बघितलंस? माझ्याकडून घ्यायचं आणि तिकडे मिरवायचं." मी म्हणायचे, "अहो, तुमचं नाव घेते ती." ते म्हणायचे, "नाव घेऊन मिरवते, ते जास्त वाईट."

कहर केला तो आमच्या ताईने. ती एकदा भाऊजींचा घरी विसरलेला चष्मा द्यायला आली. भाऊजी जागेवर नव्हते. मुलीने तिला आत बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, तुमचं घर बघायचंय?" भाऊजी परत येतात तो काय, काचेच्या आत बायको गारव्यात बसलेली, पडद्याला नाक लावून ओरडतेय, "अगंबाई, आमची टाकी! टाकीचं झाकण उघडंच आहे की! किती वेळा सांगितलं यांना!"

भाऊजी दारातच थिजले. त्या घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढलेला होता, खिडक्यांसकट. लग्नात तिला दाखवला तेव्हा ती "छान" म्हणाली होती आणि स्वयंपाकघर लहान आहे म्हणाली होती.

"तुम्ही जळताय," संध्याकाळी ताई त्यांना म्हणाली. माझ्या देखतच.

"जळायला काय झालंय मला?"

"तेच तर. काही झालेलं नाही आणि जळताय."

आता पुढचं जे आहे ते मला नंतर कळलं. पण गोष्टीत ते आत्ताच सांगते, लपवून ठेवून शेवटी टाळी घ्यायचा माझा स्वभाव नाही.

उपग्रहाचा फोटो जुन्या बाजारासाठी पुरेसा स्पष्ट नव्हता. गल्ल्या अरुंद, भिंतीला भिंत लागलेली. म्हणून तिथे ड्रोन उडवून जवळून फोटो घ्यायचे ठरलं. ते फोटो जमिनीवर बरोबर बसावेत म्हणून आधी ठिकठिकाणी पांढऱ्या रंगाने मोठ्या फुल्या मारतात आणि प्रत्येक फुलीची जागा यंत्राने नेमकी मोजून ठेवतात. मग ड्रोनच्या फोटोत फुली दिसली की तो फोटो त्या मापावर टाचतात, कापडाला टाचण्या लावाव्यात तसा. बहुतेक फुल्या ड्रोनवाल्या एजन्सीची माणसं मोजणार होती. जुन्या बाजाराच्या कोपऱ्यातल्या काही मात्र मुलीने हट्टाने भाऊजींना मोजायला दिल्या. जागा तिने फोटोत बघून निवडल्या होत्या. छापखान्याच्या गल्लीत गटारावर एक मोठी चौकोनी लादी होती, वरून स्वच्छ दिसणारी. तिथे तिने फुली मागितली.

भाऊजींना ती लादी ठाऊक होती. गटार साफ करणारे ती पहारीने उचलतात आणि काम झालं की मनाला येईल तिथे टाकतात, कधी अलीकडे, कधी पलीकडे. त्या लादीला पत्ता नाही. टाचणी लावायला सगळ्या शहरात याहून वाईट जागा नव्हती.

एक वाक्य बोलायचं होतं. "अगं, ती लादी हलते." भाऊजींनी ते गिळलं आणि म्हणाले, "बरं."

मी पडद्याच्या अलीकडे होते आणि ते "बरं" मी ऐकलं. मला आश्चर्य वाटलं, कारण हा माणूस सूर्य उगवला म्हटलं तरी "कुठे, ते बघायला पाहिजे" म्हणणारा. मला वाटलं, सुधारले.

त्यांनी फुली मारली. मोजली, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे चोख मोजली. मग गटारवाले आले. ड्रोन उडणार त्या सकाळी भाऊजी मुद्दाम त्या गल्लीवरून गेले. लादी गटाराच्या पलीकडच्या अंगाला सरकून पडली होती, पाठीवर पांढरी फुली घेऊन. भाऊजींनी ती बघितली, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला आणि कार्यालयात येऊन पेन्सिलींना टोकं काढत बसले. डोक्यावर ड्रोनची भुणभुण ऐकू येत होती. ते मला नंतर म्हणाले की तो चहा त्यांना गोड लागला होता.

नकाशा तयार झाला. साहेबांनी तो सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या, भाऊजींनीही दोन बोटांनी वाजवल्या. मग बांधकाम विभागाने नकाशावर रस्त्याची हद्द टाकली, आणि छापखान्याच्या गल्लीतल्या एका बाजूच्या सगळ्या भिंती रस्त्यात घुसलेल्या निघाल्या. नोटिसा गेल्या. भिंतींवर लाल रंगाच्या खुणा पडल्या. सगळ्यात पुढे होता म्हातारा बाइंडर, ज्याचं दुकान म्हणजे एक दार, एक दाबयंत्र आणि एक स्टूल. लाल खूण त्याच्या दाबयंत्राच्या मागे पडली होती. भिंत पाडली असती तर त्याला दुकान स्टुलावर चालवावं लागलं असतं.

गल्ली उठली आणि कार्यालयात आली. माझ्या टेबलासमोर एवढी माणसं मी एकदम कधी पाहिली नव्हती, आणि त्यांतलं कुणी जन्मलंही नव्हतं, मेलंही नव्हतं. दोन दिवसांत उघड झालं की अख्खा कोपरा तिरका बसलाय. भिंती जिथल्या तिथे होत्या, घसरला होता नकाशा.

सगळीकडे एकच कुजबूज, आता हिचं कंत्राट गेलं. नूतनीकरणाची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती. भाऊजी त्या दिवसांत फार प्रसन्न होते. मला म्हणाले, "वरून बघून संसार होत नाही, मी म्हटलं नव्हतं?" बाकाच्या ठशांवरून ते सरळ चालत गेले. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की मुलगी जाणार होती, एसी बंद होणार होता, बाक परत येणार होता.

साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. गल्लीतली माणसं भिंतीला टेकून उभी. एजन्सीचा माणूस आधीच ठणकावून म्हणाला, "आमची मापं तपासा. आमचा बिंदू, म्हणजे आमची फुली, त्याच गल्लीच्या तोंडाशी होता आणि तो अचूक आहे."

साहेबांनी मुलीकडे बघितलं. "मग चूक कुठे झाली?"

ती उठली. "सर, त्या कोपऱ्यात दोन बिंदू एकमेकांशी जुळत नव्हते. एक एजन्सीचा, एक काकांचा. सॉफ्टवेअर काकांच्या बिंदूवर लाल खूण दाखवत होतं. तो सोडा म्हणत होतं."

"मग सोडला का नाहीत?"

"काकांनी मोजलेला होता तो," ती म्हणाली. हे कारण पुरेसं आहे असं तिला खरंच वाटत होतं. "काकांचं माप चुकत नाही सर. मला वाटलं, सॉफ्टवेअरच चुकत असेल. म्हणून मी त्यांचा धरला आणि एजन्सीचा सोडला. कुठे बिघडलं ते मला अजून सापडलेलं नाही. पण निर्णय माझा होता. चूक माझी."

मी भाऊजींकडे बघितलं. वर्षभर हा माणूस एका वाक्यासाठी तळमळत होता. यंत्रापेक्षा साखळीभाऊ खरा, असं कुणीतरी चार माणसांत म्हणावं. तलावाच्या वेळी साहेबांनी म्हणावं, टाकीच्या वेळी बायकोने म्हणावं, निदान बाक नेताना शिपायाने म्हणावं. आणि ते आज म्हटलं गेलं, भरल्या सभागृहात, साहेबांसमोर, एजन्सीसमोर. म्हटलं तेही गच्चीवालीने. भाऊजींच्या चेहऱ्यावर तोंडात मारल्यासारखा भाव होता.

साहेब फाइल पुढे ओढत म्हणाले, "चूक मान्य आहे तर मग कंत्राटाबाबत मला..."

"साहेब," भाऊजी उठले. खुर्ची मागे पडली. "माप बरोबर आहे. लादी हलली."

"कसली लादी?"

"फुली लादीवर होती. गटारवाले ती हलवतात. मी मोजली तेव्हा अलीकडे होती, फोटो काढला तेव्हा पलीकडे. मला ठाऊक होतं. आधीही ठाऊक होतं आणि त्या सकाळीही मी बघून आलो होतो. हिला ठाऊक नव्हतं. हिला काय कळतंय लादीतलं!" शेवटचं वाक्य त्यांनी असं खेकसून म्हटलं की क्षणभर वाटलं, तिच्यावरच आळ घेतायत.

"मग सांगितलं का नाहीत?"

भाऊजींनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"हिच्या टेबलापाशी रांग असते, साहेब," ते म्हणाले. "माझ्याकडे कुणी येत नाही आता. जळत होतो मी."

नगरपालिकेच्या सभागृहात आजवर पुष्कळ कारणं दिली गेली आहेत. तांत्रिक कारणं, अपरिहार्य कारणं, नैसर्गिक कारणं. हे कारण तिथे कुणी दिलं नव्हतं, आणि मजा म्हणजे ते सगळ्यांना लगेच पटलं. घरपट्टीवाल्याने मान खाली घातली. मीही घातली. का ते विचारू नका. बाइंडर भिंतीपाशी उभा होता, तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या पोटात दुखलं आणि भिंत माझी जाणार होती होय?" भाऊजी त्याला म्हणाले, "होय."

नोटिसा रद्द झाल्या. बाइंडरच्या भिंतीवरची लाल खूण भाऊजींनी स्वतः खरडून काढली, पण तांबूस डाग राहिलाच. त्यांची वेतनवाढ रोखली आणि त्यांना लेखी ताकीद मिळाली. घरी ताई त्यांच्याशी आठवडाभर फक्त मुलांमार्फत बोलली, आणि मुलं परगावी असल्यामुळे ते सगळं फोनवरून चाललं. मुलीचं कंत्राट वाढलं.

पण ती त्यांना आता काका म्हणेना. साहेब म्हणायची. "साहेब, ही सही लागेल." "साहेब, पेन मिळेल का?" भाऊजींना एवढं ताकीदपत्र लागलं नाही जेवढं ते साहेब लागलं. एकदा तिने दिवाबत्तीच्या म्हाताऱ्या वायरमनला काका म्हटलेलं त्यांनी ऐकलं आणि दिवसभर त्या बिचाऱ्याशी बोलले नाहीत. जळायची सवय अशी एका सभेत जात नाही.

मग एक दिवस नदीकाठच्या वस्तीचं काम निघालं. ड्रोन पुन्हा उडणार होता, फुल्या पुन्हा मारायच्या होत्या. मुलगी फोटोचा मोठा कागद घेऊन काचेच्या भिंतीबाहेर आली आणि तो भाऊजींच्या उतरत्या टेबलावर पसरला. तिच्याकडे आलेली माणसंही बाकावरून उठून तिच्या मागोमाग आली आणि भाऊजींच्या टेबलाभोवती उभी राहिली, बाकाच्या त्या ठशांवरच.

"यातलं हलणारं काय काय आहे?" तिने विचारलं. काकाही नाही, साहेबही नाही.

भाऊजींनी पेन्सिल घेतली. एकेका जागेवर बोट ठेवत गेले. ही लादी हलते. हा चौथरा पक्का आहे. हा दगड दिसतो पक्का, पण धोबी उचलतो. हा पुलाचा कठडा घे, तो कुणाच्या बापाला हलायचा नाही. ती लिहून घेत होती. मधेच कुणीतरी पुढे घुसलं तर भाऊजी ओरडले, "रांगेत या!" मला पडद्याआड हसू आवरेना. रांग तिची होती, पण ओरडायला मिळालं भाऊजींना.

दुपारी ती फीत आणि यंत्र घेऊन एकटीच नदीकाठी गेली. भाऊजी खिडकीशी उभे होते, एसीचं पाणी ठिबकत होतं त्या खिडकीशी. तिथून पूल दिसतो. मीही चहाचा कप घेऊन जाऊन उभी राहिले. मुलगी एकेका खुणेपाशी थांबत होती. आधी लादी पायाने रेटून बघायची, मग चौथरा. शेवटी पुलाच्या कठड्यापाशी गेली, दोन्ही हात लावले आणि सगळं अंग टाकून तो हलतो का ते बघितलं.

"बघा, किती काळजीपूर्वक करते," मी म्हटलं.

"मी सांगितलेलं आधी असं हलवून बघत नव्हती," भाऊजी म्हणाले.